दुसऱ्या चालीचं प्यादं

मित्रांनो, बुद्धिबळाच्या पटावर सोळा प्यादी असतात आणि आमची चौकशी कुणी करत नाही. मी त्यांतलंच एक जुनं, पांढरं प्यादं. पांढरं आपलं म्हणायला. माझा रंग आता म्हाताऱ्या माणसाच्या दातांसारखा झाला आहे आणि डोक्याचा एक टवका उडालेला आहे. जागा मात्र माझी ऐन मोक्याची. राजाच्या शेजारी उंट असतो, त्या उंटाच्या पुढ्यात मी उभा असतो. एका रविवारी, एका अनोळखी मुलीच्या घामेजल्या मुठीत अडकून, मी एक अख्खा डाव नुसता ऐकला. त्या डावात माझा जीव टांगणीला लागला होता. का, ते कळायला हवं असेल तर जन्मापासून ऐकावं लागेल.

मला एका कातारीकाम करणाऱ्या कारागिराने घडवलं. फिरत्या लाकडाला पटाशी लावून तो गोल घाट देत असे. त्याने मला चार मिनिटांत संपवलं. राजाला अर्धा तास दिला आणि चार घोड्यांना तर दोन दिवस, कारण घोड्यांची तोंडं हातानेच कोरावी लागतात. आमच्या पोटात त्याने शिशाचे तुकडे बसवले आणि तळाला हिरवं कापड चिकटवलं. पांढऱ्या राजाची पाळी आली तेव्हा डिंक संपत आला होता. त्यामुळे राजाचं कापड पहिल्याच वर्षी निघून गेलं. तेव्हापासून आम्ही सगळे पटावर गुपचूप सरकतो आणि आमचा राजा मात्र ठेवला की टक् असा वाजतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आम्हाला विकत घेतलं ते चष्म्याच्या दुकानात काचा घासणाऱ्या एका तरुणाने, पहिल्या पगारातून. आज त्यांना सगळे मामा म्हणतात म्हणून मीही मामाच म्हणतो. तेव्हा ते कुणाचेच मामा नव्हते आणि नाकावर माशी बसू देत नसत. खेळतही तसेच. पहिल्या चालीत राजापुढचं प्यादं दोन घरं पुढे. समोरच्यानेही तसंच केलं की दुसऱ्या चालीत मी दोन घरं पुढे, थेट शत्रूच्या प्याद्याच्या तोंडी. या सुरुवातीला किंग्ज गँबिट म्हणतात. समोरचा मला खातो आणि त्याला वाटतं, फुकट मिळालं. पण मी गेलो की माझ्या मागची वाट मोकळी होते आणि त्या वाटेने आमचा हत्ती थेट शत्रूवर चालून जातो. मामा असे कितीतरी डाव ओळीने जिंकले. डाव संपला की ते मला बोटांत फिरवत आणि मित्रांना सांगत की हा माझा शिपाई. मला तो शब्द फार आवडे.

मग शहराच्या स्पर्धेचा शेवटचा डाव आला. मी नेहमीसारखा दुसऱ्या चालीत गेलो आणि पटाशेजारी उभा राहून बघू लागलो. मामांचा हल्ला जोरात होता. पण मी गेल्यावर जशी हत्तीची वाट मोकळी होते, तशी आमच्या राजाकडे येणारी एक तिरपी वाटही उघडी पडते. त्या वाटेवर समोरच्याचा वजीर येऊन बसला. एकाच चालीत राजाला शह आणि आमच्या घोड्यावर डोळा. घोडा गेला, हल्ला विझला, डावही गेला. मामांनी एका फटक्यात सगळ्या सोंगट्या पेटीत लोटल्या, मी कडेवर आपटलो आणि माझा टवका उडाला. घरी आल्यावर त्यांनी एवढंच म्हटलं, की प्यादं दिलं म्हणून हरलो. तेव्हापासून त्यांनी ती सुरुवात कधी खेळली नाही.

त्यानंतर तीस वर्षं मी पहारा दिला. मामांचं स्वतःचं दुकान झालं. मागच्या खोलीत नजर तपासायची उंच खुर्ची, भिंतीवर अक्षरांचा तक्ता आणि कोपऱ्यातल्या टेबलावर आमचा पट. दर रविवारी सकाळी तिथे मुलं शिकायला येत. सगळ्यांना मामांनी एकच सुरुवात शिकवली: वजिरापुढचं प्यादं काढा, उंट बाहेर आणा, प्याद्यांची भिंत उभारा आणि वाट बघा. त्या भिंतीत मी जवळजवळ हलतच नसे. मुलं सहसा हरत नसत. सहसा जिंकतही नसत. माझ्या मानेच्या खाचेत धूळ बसली आणि ती कुणी पुसली नाही. मला मरणाचं भय कधीच नव्हतं, पण असं बिनकामाचं उभं राहणं जिवावर येई.

मग मामांची भाची आली. तिची आई दवाखान्यात परिचारिका होती आणि तिची ड्युटी असली की ही बारा वर्षांची मुलगी दुकानात बसे. घरात तिला ठिणगी म्हणत. ती जिना दोन-दोन पायऱ्यांनी उतरे, कागद फाडताना रेघ बघत नसे आणि बसली की तिचा पाय टेबलाखाली सारखा हलत राही. मामांनी तिलाही भिंतच शिकवली. दहा-बारा चाली ती कशीबशी काढी. मग पाय हलायला लागे, टेबल थरथरे आणि ती कारण नसताना एखादा घोडा शत्रूच्या घोळक्यात फेकून देई. मामा म्हणत, पोरीला धीर नाही. मला मात्र एक गोष्ट ठाऊक होती. मामा बाहेर गिऱ्हाईकाशी बोलत असले की ती दोन्ही बाजूंनी एकटीच खेळे आणि दुसऱ्या चालीत मला हळूच दोन घरं पुढे सरकवी. मामांची पावलं वाजली की पुन्हा जागेवर ठेवी.

त्या वर्षी मुलींची एक स्पर्धा होती, शनिवार-रविवार. पट आणि घड्याळ आपापलं आणायचं असा तिथला नियम, म्हणून आम्हीही गेलो. शनिवारी ठिणगीने चार डाव खेळले. दोन जिंकले, दोन बरोबरीत सुटले आणि चारही डावांत मी जागचा हललो नाही. तिचे गुण झाले तीन. लांब वेणी घातलेल्या एका अबोल मुलीचे झाले साडेतीन. रविवारी सकाळी शेवटच्या डावात ह्या दोघीच समोरासमोर येणार होत्या आणि पुढच्या मोठ्या स्पर्धेला एकीलाच जायचं होतं. बरोबरी झाली तर वेणीवालीचं फावणार होतं. ठिणगीला जिंकावंच लागणार होतं.

शनिवारी संध्याकाळी दुकानात आल्यावर ठिणगीने पेटी टेबलावर ठेवली आणि मामांकडे न बघता म्हणाली, "उद्याचा डाव शेवटचा. जिंकले तर ठीक, नाहीतर मी खेळणं सोडणार. मला खेळताना गुदमरल्यासारखं होतं, मामा."

मामा दुखावले. आपण किती कष्ट घेतले ते सांगू लागले, ही सुरुवात किती भक्कम आहे ते सांगू लागले. तेवढ्यात बाहेर चष्म्यांच्या काचा पुसत बसलेल्या मामी दारात येऊन उभ्या राहिल्या. मामींना बुद्धिबळातलं ओ की ठो कळत नाही. त्या म्हणाल्या, "अहो, इतक्या वर्षांत कुणाला नंबर न तपासता चष्मा दिलात का कधी? मग हिला तुमचाच का घातलात?"

मामांनी आपला चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग भाचीला नजर तपासायच्या उंच खुर्चीत बसवलं आणि पट तिच्या मांडीवर ठेवला. गिऱ्हाईकाच्या डोळ्यांपुढे ते जशी एकेक काच धरतात आणि विचारतात की ही बरी की ती बरी, तसं त्यांनी पटावर एकेक मांडणी लावायला घेतली. पहिली भिंतीची. ठिणगी म्हणाली, जीव घुसमटतो. दुसरीत उंट आणि घोडे लवकर बाहेर आलेले होते. ती म्हणाली, बरी आहे, पण काहीतरी कमी आहे. तिसरी, चौथी. सगळा वेळ तिचा पाय खुर्चीच्या दांड्यावर आपटत होता. मग मामा थांबले. त्यांचा हात माझ्यावर आला आणि तिथेच राहिला. तीस वर्षांनी त्यांनी मला उचललं, पटाबाहेर ठेवलं आणि मी नसलेली ती मांडणी तिच्यापुढे सरकवली.

पाय थांबला. ठिणगी पटावर वाकली आणि कितीतरी वेळ मान वर केली नाही. मग हळूच कबूल केलं, की ही तिला येते, तिने चोरून पुष्कळदा खेळली आहे.

मामांनी तिला सावध केलं. याच सुरुवातीने आपण आयुष्यातला सगळ्यात मोठा डाव हरलो, हे सांगितलं. ती म्हणाली, दाखव तो डाव. आणि मित्रांनो, माझे मामा तीस वर्षांपूर्वीच्या त्या डावातली एकही चाल विसरले नव्हते. त्यांनी तो जसाच्या तसा मांडला. शत्रूचा वजीर तिरप्या वाटेवर येण्याच्या आधीच्या चालीवर ठिणगीने त्यांचा हात धरला.

"मामा, इथे तू राजा कोपऱ्यात का नाही नेलास?"

राजा एक घर सरकून कोपऱ्यात गेला असता तर ती तिरपी वाट त्याच्यापर्यंत पोहोचलीच नसती. शह बसला नसता, घोडा वाचला असता आणि हल्ला चालू राहिला असता. एकच शांत चाल. घाईत ती मामांकडून राहून गेली होती आणि तीस वर्षं दोष त्यांनी मला दिला होता.

"घाई झाली गं," मामा म्हणाले. "प्याद्याचं काही चुकलं नव्हतं."

मग त्यांनी काच पुसायचं मऊ फडकं घेतलं आणि माझ्या मानेतली धूळ पुसली, टवक्यावरून दोनदा बोट फिरवलं. मला रडता येत नाही, नाहीतर तेव्हा रडलो असतो.

रविवारी सकाळी त्या शाळेच्या सभागृहात खुर्च्या सरकण्याचे आवाज थांबले आणि मामांचं जुनं चावीचं घड्याळ टिकटिकू लागलं. पालकांना भिंतीशी उभं केलं होतं. मामा तिथे होते, आणि वेणीवालीचे वडीलही, हाताची घडी घालून. ठिणगीने राजापुढचं प्यादं दोन घरं काढलं. वेणीवालीनेही काढलं. मग ठिणगीची बोटं माझ्या टवक्यावर आली आणि मी पुढे गेलो. वेणीवाली बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मला घ्यावंसं तिला वाटत नसावं, कारण तिचा हात दोनदा पुढे येऊन मागे गेला. मग तिने मान वळवून वडिलांकडे बघितलं आणि मला उचललं.

सहसा मारलेली सोंगटी टेबलावर ठेवतात. तिने मला मुठीतच धरून ठेवलं.

म्हणून त्यापुढचा डाव मी पाहिला नाही, फक्त ऐकला. मुठीत अंधार होता आणि ओल होती. घोडा सरकल्याचा आवाज आला, मग उंटाचा, मग चाल झाली की दाबतात ते घड्याळाचं बटण. राजा टक् वाजला आणि लगेच त्याच्या शेजारी हत्ती सरकला, म्हणजे आमचा राजा किल्ल्यात गेला आणि हत्ती माझ्या रिकाम्या वाटेवर आला. एकेका चालीला मूठ आवळली जात होती. माझा टवका तिच्या तळव्यात रुतत होता, तरी ती सोडत नव्हती. टेबल मात्र अगदी स्थिर होतं. ठिणगीचा पाय हलत नव्हता, हे मला त्यावरून कळत होतं, आणि तेवढाच मला आधार होता.

मग एकदा मूठ एकदम सैल पडली. बोटांच्या फटीतून थोडा उजेड आला. समोरचा हल्ल्याने बेजार झालेला असताना त्याची मूठ सैल पडते ती एकाच कारणाने, त्याला वाट सापडलेली असते. म्हणजे तिचा वजीर आता त्या तिरप्या वाटेवर यायच्या बेतात असणार. तीस वर्षांपूर्वी आला होता तस्साच.

आणि टेबल थरथरायला लागलं.

ठिणगीचा पाय. तिला समोर काहीतरी दिसलं होतं, उडी मारायची होती, आत्ता, याच क्षणी. मला ओरडून सांगावंसं वाटलं, पण प्याद्याला कुठे तोंड असतं. घड्याळ टिकटिकत होतं. भिंतीपाशी कुणीतरी खाकरलं. ते मामा होते, पण त्यांनाही बोलायची परवानगी नव्हती. टेबल थरथरत राहिलं. माझ्या मनात आलं, आता घोडा फेकणार. आता फेकला.

थरथर थांबली.

बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. आणि मग पटावर, अगदी हलकेच, वाजलं: टक्.

राजा. आमचा बिनकापडाचा राजा एक घर सरकून कोपऱ्यात गेला होता.

मूठ अशी आवळली की माझ्या पोटातलं शिसं हललं असेल. त्यानंतरच्या चाली भराभर झाल्या. ठिणगीचा हत्ती माझ्या वाटेने खाली गेला, वजीर त्याच्या मागून गेला आणि अकराव्या बटणानंतर घड्याळ थांबवल्याचा आवाज आला. वेणीवालीने डाव सोडला होता. हात मिळवायला तिने डावा हात पुढे केला, कारण उजव्यात मी होतो. मामा भिंतीपासून धावत आले, ठिणगीने त्यांना मिठी मारली आणि त्या गडबडीत सोंगट्या कुणी मोजल्या नाहीत.

मी वेणीवालीबरोबर गेलो. रस्ताभर तिचे वडील तेच ते समजावत होते, की एक प्यादं फुकट मिळालं होतं, तरी कसं हरलीस. घरी दार लावून तिने मूठ उघडली, तेव्हा कुठे तिला मी दिसलो. तिच्या तळव्यावर माझ्या टवक्याचा लाल ठसा उमटला होता. मला वाटलं, आता खिडकीबाहेर. तिने हातही उगारला. मग मला कंपासपेटीत ठेवलं आणि झाकण लावलं.

सहा दिवस मी खोडरबर आणि बोथट पेन्सिलींच्या संगतीत काढले. आपल्याला कुणी शोधत असेल का, हाच घोर मला होता. पुढे मामींच्या तोंडून ऐकलं, की मामा सभागृहात जाऊन टेबलाखाली गुडघ्यांवर रांगून आले होते. नवं प्यादं आणा असं ठिणगीच्या आईने सुचवलं, तेव्हा मामा आणि ठिणगी दोघंही तिच्यावर रागावले. माझ्या जागी काच पुसायच्या औषधाच्या बाटलीचं निळं झाकण उभं केलं होतं.

पुढच्या रविवारी वेणीवाली एकटीच दुकानात आली. घड्याळावर चिकटवलेली दुकानाच्या नावाची चिठ्ठी डावभर तिच्या डोळ्यांसमोर होती, ती तिला आठवत होती. तिने मला काउंटरवर ठेवलं आणि आधी एवढंच म्हणाली की चुकून गेलं. मामी मला बघून हसल्या, मामांनी मला उचललं, ठिणगी आतून धावत आली. वेणीवाली जायला वळली आणि दाराशी थांबली.

"मला ते खायचं नव्हतं," ती म्हणाली. "बाबा म्हणतात, फुकट मिळालेलं सोडायचं नाही. पण ते घेतल्यावर मला सगळा वेळ भीती वाटत होती."

मामांनी तिला आतली उंच खुर्ची दाखवली. पट तिच्या मांडीवर ठेवून पहिलीच मांडणी त्यांनी लावली ती त्यांची स्वतःची, भिंतीची, भाचीला घुसमटवणारी. वेणीवालीने ती पाहिली आणि तिचे खांदे खाली आले. तिने मोठा श्वास सोडला. इथे बसावंसं वाटतं, ती म्हणाली.

"मामा," ठिणगी म्हणाली, "तुझा नंबर हिला बसला."

आता दर रविवारी दोघी एकाच टेबलाशी असतात. एकीपुढे मी दुसऱ्या चालीत जातो, दुसरीपुढे मी भिंतीत उभा राहतो, आणि खरं सांगतो, आता त्या उभं राहण्याचंही मला काही वाटत नाही. मित्रांनो, आम्हाला अंधारात टाकून देऊ नका, अधूनमधून मान पुसा, आणि आपण एखादा डाव हरलो म्हणून त्याचा राग प्याद्यावर काढू नका. डाव संपला की सोंगट्या मोजा. बत्तीस भरल्या नाहीत तर समोरच्याच्या मुठीकडे बघा. हरताना तिला धरायला दुसरं काही नसेल.

बरं, आता मला जायला हवं. ठिणगीने पहिली चाल केली आहे. दुसरी माझी आहे.